नाका चुकवून

जानेवारी २०२४. सांगलीहून फोन. हळद परदेशी पाठवणारी माझी जुनी पार्टी.

“साहेब, माल कुठं पोचला?”

“मादागास्करच्या खाली असेल.”

“मादागास्कर? रॉटरडॅमला पाठवलाय की वो आपण!”

“तिकडंच चाललाय. तांबड्या समुद्रात हुथी लोक जहाजांवर क्षेपणास्त्रं टाकतायत. म्हणून कंपनीनं जहाज आफ्रिकेला वळसा घालून नेलंय. दहा ते चौदा दिवस जास्त धरा.”

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, “म्हंजे वास्को-द-गामागत?”

“तसंच. फक्त उलट्या दिशेनं.”

“तिच्यायला,” तो म्हणाला, “परीक्षा झाल्यावर इसरून गेलोतो मी ते.”

न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंगच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली. शिपिंग बिलं, ड्यूटीचे चलन, बीएल म्हणजे जहाजाच्या मालपावत्या, सर्टिफिकेटं, आणि ‘साहेब, आज सही होईल का’ हे वाक्य. २०२१च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा सहा दिवस आम्ही सगळे त्याच्याकडं घरातल्या आजारी माणसाकडं बघावं तसे बघत होतो. पण तो अपघात होता. २०२३च्या डिसेंबरात झालं ते वेगळं होतं. बाब-अल-मंदेब म्हणजे अरबीत ‘अश्रूंचं दार’. त्या अरुंद दारापाशी कुणीतरी बसलं आणि म्हणालं, इथून कोण जाणार ते आम्ही ठरवू. लगेच विम्याचे हप्ते वाढले, भाडी दुप्पट-तिप्पट झाली, आणि कालवा मोकळा असूनही जहाजं केप ऑफ गुड होपकडं वळली. १८६९ साली सुएझ उघडल्यावर जो रस्ता हळूहळू इतिहासाच्या पुस्तकात गेला होता, तो परत माझ्या टेबलावर आला.

शाळेत या साऱ्या प्रकरणावर एकच वाक्य होतं आणि ते आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ असेल. १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्यामुळं खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीयांनी भारताकडं येणारा जलमार्ग शोधला. कारणे द्या, गुण तीन. मला खुष्की म्हणजे खुशी वाटायची. लोक हसतखेळत, गाणी म्हणत जायचे तो रस्ता त्या तुर्कांनी बंद केला, या विचारानं मी सातवीत खरोखर हळहळलो होतो. खुश्क म्हणजे फारसीत कोरडा, खुष्की म्हणजे कोरड्या जमिनीवरची वाट, हे कॉलेजात कळलं. शब्दाचा गैरसमज गेला. वाक्याचा जायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि तोही धंद्यात पडल्यामुळं गेला.

कारण मिरी मुळात खुष्कीनं फारशी जातच नव्हती. मलबारातून निघालेली मिरी अरबी समुद्र ओलांडून एडनला, तिथून तांबड्या समुद्रातून जिद्द्याला, मग थोडी उंटावर, थोडी नाईल नदीतून कैरो आणि अलेक्झांड्रियाला, आणि तिथून व्हेनिसच्या गलबतांत. कॉन्स्टँटिनोपल या वाटेवर येतच नाही. ते गाव पडल्यानं इटलीतल्या जिनोव्हाच्या लोकांचा काळ्या समुद्रातला व्यापार बुडाला हे खरं, पण मिरीची मुख्य वाट इजिप्तमधून होती आणि इजिप्त होतं मामलुक सुलतानांचं. ते तुर्कांनी घेतलं १५१७ मध्ये. गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. ज्यानं दार लावलं असं आपण म्हणतो, तो त्या दाराशी पोचला तेव्हा लोक खिडकीतून माल न्यायला लागून एकोणीस वर्षं झाली होती.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, १२९१ मध्ये, जिनोव्हाचे उगोलिनो आणि वादिनो विवाल्दी हे दोघे भाऊ दोन गलबतं घेऊन जिब्राल्टरच्या बाहेर पडले. बेत काय, तर महासागरातून भारत गाठायचा. ते परत आले नाहीत. कॉन्स्टँटिनोपल पडायच्या १६२ वर्षं आधी जर कुणी हा वेडेपणा करत असेल, तर कारण त्या गावाच्या पडण्यात नाही. वाट बंद झालेली नव्हती. वाट चालू होती, आणि वाटेवर माणसं बसली होती.

हे मला कुणी शिकवलं असेल तर माझ्या मामानं. मामा ट्रक चालवायचे. सांगलीतून हळद, बेदाणा, गूळ भरायचा आणि पुण्या-मुंबईकडं सुटायचं. त्या काळी प्रत्येक नगरपालिकेची वेगळी जकात. गाव आलं की नाका, नाका आला की रांग, रांग संपली की खिडकी, आणि खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. माल त्या गावात उतरायचा नसला तरी रहदारीची पावती घ्यावी लागायची. वर चहापाणी वेगळं. जकात आता गेली, मुंबईतलीसुद्धा १ जुलै २०१७ला जीएसटीबरोबर गेली, पण शब्द गेला नाही. आपण अजून ‘नाक्यावर भेटू’ म्हणतो आणि तिथं कुणी काही वसूल करत नाही याचं आपल्याला नवलही वाटत नाही.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांबरोबर केबिनमध्ये होतो. एका गावाच्या अलीकडं त्यांनी दिवे मंद केले आणि गाडी उसाच्या रानात घातली. क्लीनर पुढं पायी, हातात बॅटरी. नाका चुकवायचा होता. अर्ध्या तासाचा कच्चा रस्ता, पण वळवाचा पाऊस होऊन गेलेला. मागचं चाक रुतलं ते पहाटेपर्यंत निघालं नाही. जकात झाली असती दीडशे रुपये. ट्रॅक्टरवाल्यानं घेतले दोनशे. वर बाजाराची वेळ चुकली ती वेगळीच. मी विचारलं, “मामा, मग दीडशे भरायचे की सरळ!” ते म्हणाले, “एकदाचे दीडशे न्हवं, लेका. दर खेपंचे दीडशे. आज वाट कळली. आता पावसाळा सोडून कवाबी जाता येतंय.”

युरोपीय व्यापारी समुद्रात का शिरले यावर मी नंतर बरंच वाचलं. मामांच्या त्या वाक्याच्या फार पुढं काही सापडलं नाही.

आमच्या धंद्याच्या सवयीनं मी एकदा पंधराव्या शतकातल्या मिरीच्या पोत्याचं कॉस्टिंग मांडून बघितलं होतं. आकडे नव्हेत, नुसती खिडक्यांची यादी. कालिकतला सामुतिरीचं, म्हणजे तिथल्या राजाचं, बंदरशुल्क. एडनला तिथल्या राज्यकर्त्याची जकात. जिद्द्याला मामलुकांचे अधिकारी. पुढं छोट्या होड्या, उंटवाले, नदीवरचे नावाडी, कैरोचे व्यापारी. १४२०च्या दशकाच्या अखेरीस बार्सबाय नावाच्या सुलतानानं तर मधली माणसंच काढून टाकली. मिरी यापुढं माझ्याकडूनच घ्यायची, मी म्हणेन त्या भावानं. कैक पिढ्या हा व्यापार करणारे कारिमी सौदागर त्यात पार मोडले. व्हेनिसवाले चिडले, भांडले, आणि शेवटी घेतलीच, कारण पुढं त्यांचीही खिडकी होती. व्हेनिसच्या रिआल्तो पुलाशेजारी जर्मन व्यापाऱ्यांसाठी एक मोठा वाडा होता. जर्मन माणसानं व्हेनिसला आलं की तिथंच उतरायचं, माल तिथंच ठेवायचा, आणि सौदा करायचा तो व्हेनिसनं नेमून दिलेल्या दलालामार्फत. दलालीचा आणि जकातीचा हिशेब सरकारजमा. तिथून मिरी आल्प्सचे घाट चढून न्यूरेंबर्गला जायची, जहाजानं ब्रुजला जायची. लिस्बनचा माणूस या रांगेत अगदी शेवटी उभा.

इथं एक वाक्य टाळता येत असेल तर टाळावं, पण ते इतक्यांदा कानावर आलंय की बोलतोच. म्हणे युरोपात मांस सडायचं आणि त्याचा वास मारायला मिरी लागायची. ज्याला मिरी परवडत होती त्याला ताजं मांस परवडत होतं. मांस टिकवायला मीठ होतं, धूर होता. मिरी होती ती प्रतिष्ठेसाठी, औषधासाठी, चवीसाठी, आणि रोकड म्हणून. इ.स. ४०८ मध्ये अलारिकनं रोमला वेढा घातला तेव्हा मागितलेल्या खंडणीत सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी होती. वेढा उठवायला मिरी मागणारा माणूस मांसाच्या वासानं हैराण झाला नव्हता.

पोर्तुगालची सुरुवातही मिरीनं झाली नाही, सोन्यानं झाली. सहारा वाळवंटाच्या पलीकडून उंटांचे तांडे सोनं घेऊन उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर यायचे. १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी त्यातलं सेउटा हे बंदर जिंकलं. नाका ताब्यात आला म्हणून आनंद झाला, आणि तांडे दुसऱ्या गावांना जायला लागले. मामांना हे सांगितलं तेव्हा ते अर्धा मिनिट हसत होते. नाका ताब्यात घेऊन सोनं येत नाही हे कळल्यावर सोनं जिथून निघतं तिथं समुद्रातून जायचं ठरलं. राजपुत्र हेन्री पैसा आणि माणसं पुरवत होता. १४३४ मध्ये जिल एआनेश बोजादोरच्या भूशिराला वळसा घालून पुढं गेला आणि परत आला. परत येणं हीच खरी अडचण होती. तिकडचे वारे सारखे दक्षिणेकडं ढकलतात. किनारा धरून घरी येता येत नाही. मग किनारा सोडून उघड्या महासागरात दूर पश्चिमेला जायचं आणि तिकडचा वारा पकडून घराकडं फिरायचं, ही युक्ती त्यांना हळूहळू साधली. पन्नास-साठ वर्षं ते हेच शिकत होते.

आणि त्या पन्नास-साठ वर्षांचा खर्च कसा निघत होता, तेही सांगायला हवं. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस गावात आफ्रिकेतून पकडून आणलेली दोनशेहून अधिक माणसं किनाऱ्यावर उतरवली आणि वाटण्या केल्या. आई एका वाट्यात, मूल दुसऱ्या. राजाच्या बखरकारानं ते लिहून ठेवलंय, त्यालाही ते बघवलं नव्हतं. १४८२ मध्ये आजच्या घानात एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. आधी सोन्यासाठी, पुढं माणसांसाठी. भारताचा रस्ता शोधणाऱ्या जहाजांच्या हिशेबाच्या वहीत या नोंदी आधीच्या पानांवर आहेत. ‘शोधयुग’ म्हणताना ती पानं आपण चिकटवून टाकतो.

१४८८ मध्ये बार्तोलोमेऊ दियाश आफ्रिकेचं टोक ओलांडून आला. त्याच सुमारास दुसरीकडून एक वेगळाच माणूस निघाला होता, आणि मला गामापेक्षा तोच आवडतो. पेरू द कोव्हिल्यां. अरबी अस्खलित. राजानं त्याला १४८७ मध्ये सौदागराच्या वेषात जुन्याच वाटेनं धाडलं: कैरो, एडन, तिथून अरबी जहाजानं कन्नूर, कालिकत, गोवा. मिरी कुठं पिकते, कोण विकतो, जहाजं कधी सुटतात, सगळं बघून घे. गामा यायच्या जवळजवळ दहा वर्षं आधी हा माणूस गोव्याच्या बंदरात हिंडून गेला. परत कैरोत आला तर राजाची दोन माणसं वाट बघत होती. एक रब्बी आणि एक चांभार. चांभाराच्या हाती त्यानं अहवाल दिला, स्वतः राजाच्या पुढच्या हुकुमावरून इथिओपियात गेला आणि तिथल्या सम्राटांनी त्याला कधी परत येऊ दिलं नाही. तीस वर्षांनी पोर्तुगालचा वकील तिथं गेला तेव्हा तो जिवंत होता. नाक्यापुढं पायी पाठवलेला क्लीनर. हातात बॅटरी.

गामा ८ जुलै १४९७ला लिस्बनहून निघाला. चार जहाजं, सुमारे १७० माणसं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला त्याला वाटाड्या मिळाला आणि २६ दिवसांत तो कालिकतला आला, २० मे १४९८ला. पावसाच्या तोंडावर. कोकणातला कुठलाही कोळी सांगेल की ही काही किनाऱ्यावर यायची वेळ नव्हे. पण नैर्ऋत्येचा वारा पाठीशी असताना इकडं येणं सोपं असतं. त्यानं पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरवला तो आपल्याबरोबरचा एक शिक्षा झालेला कैदी, म्हणजे मेला तर मेला. त्या कैद्याला ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले आणि त्यांनी चक्क स्पेनच्या भाषेत विचारलं, सैतानानं न्यावं तुला, इकडं कशाला आलास? उत्तर प्रसिद्ध आहे: ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. मला उत्तरापेक्षा प्रश्न मोठा वाटतो. जगाच्या पार टोकाला आलोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांना तिथं ओळखीच्या भाषेत शिवी ऐकायला मिळाली. कालिकत नवं नव्हतंच. हेच तिथं नवे होते.

ही गोष्ट मी मामांना सांगत होतो तेव्हा त्यांनी असं काही विचारलं की मी गप्पच झालो.

“जाताना काय भरलं हुतं त्यानं?”

ट्रकवाल्याचा प्रश्न. भरलेली गाडी जाते, भरलेली येते, तर धंदा. एका बाजूनं रिकामी आली की मालक मेला. इतिहासाच्या पुस्तकांत युरोपला काय हवं होतं याची पानंच्या पानं असतात. युरोपकडं द्यायला काय होतं, हे विचारायला मामा लागले.

सामुतिरीसाठी गामानं काढलेला नजराणा असा: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार लाल टोप्या, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुवायच्या सहा भांड्यांची एक पेटी, साखरेची एक पेटी, तेलाची दोन पिंपं आणि मधाची दोन. राजाचे कारभारी बघून हसले. मक्केहून येणारा दरिद्री व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त देतो, म्हणाले, राजाला द्यायचं तर सोनं द्या. निघताना सामुतिरीनं ताडपत्रावर पोर्तुगालच्या राजासाठी पत्र लिहून दिलं. आमच्याकडं दालचिनी, लवंग, आलं, मिरी, रत्नं आहेत. तुमच्याकडून आम्हाला हवंय सोनं, चांदी, पोवळी आणि लाल कापड. एवढंच. मी आयुष्यात इतकी स्वच्छ ऑर्डर पाहिली नाही.

“हॅटा?” मामा म्हणाले. “कालिकतात? मे महिन्यात?”

पण सगळ्यात गंमत निघायच्या वेळची. सामुतिरीच्या माणसांनी रीतीप्रमाणं बंदराची रक्कम मागितली, सहाशे अश्रफी. माल किनाऱ्यावर उतरवलाय, विकलाय, शुल्क भरा. त्यासाठी गामाची काही माणसं अडकवून ठेवली. गामानं उलट जहाजावर आलेली इथली माणसं धरून ठेवली, अदलाबदल झाली, आणि तो शुल्क न भरता, काही माणसं तशीच घेऊन निघून गेला. युरोप ते भारत या थेट जलमार्गावरची पहिली खेप ड्यूटीच्या भांडणानं संपली. आमच्या धंद्यातल्या कुणालाच यात ऐतिहासिक असं काही वाटणार नाही. आठवड्याला दोन होतात.

परतताना तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला. तिथं एक चाळिशीचा माणूस होडीतून आला, व्हेनिसची भाषा छान बोलत. गोव्याच्या मालकाच्या, म्हणजे विजापूरच्या यूसुफ आदिलशहाच्या, नोकरीत असलेला एक पोलिश वंशाचा यहुदी. संशय आला, फटके दिले, आणि मग त्याला लिस्बनला नेऊन बाप्तिस्मा देऊन गास्पार द गामा केलं. पुढच्या आरमाराचा तो वाटाड्या झाला. १४९८ मध्ये आपल्या किनाऱ्यावर व्हेनिसची बोली बोलणारा पोलिश माणूस आदिलशहाचा पगार खात होता. आणि आपण म्हणतो, गामानं भारत जगाला जोडला.

मग त्यानं घाई केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच अंजदीवहून सुटला. ईशान्येचा वारा अजून लागलेला नव्हता. येताना २६ दिवस लागलेला समुद्र जाताना जवळजवळ तीन महिने सरेना. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, तीस माणसं त्या एका टप्प्यात मेली. चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून एक जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकलं. निघालेल्या १७० पैकी परत पोचली पंचावन्नच्या आसपास. ट्रॅक्टरवाल्याचे दोनशे रुपये. पण वाट कळली होती.

१५०१ मध्ये व्हेनिसला बातमी पक्की झाली. जिरोलामो प्रिउली हा तिथला सावकार रोजनिशी लिहायचा. त्यानं सरळ हिशेब मांडलाय की सुलतानाच्या मुलखातून येणाऱ्या मिरीवर जागोजागी इतकी जकात बसते की समुद्रातून थेट लिस्बनला आणणाऱ्याशी आपण टिकू शकणार नाही. व्हेनिसचा अंत झाला, असं लोकांना वाटलं. तसं झालं नाही हा पुढचा विनोद. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तांबड्या समुद्रातून पुन्हा पूर्वीइतकी मिरी अलेक्झांड्रियाला पोचू लागली होती. पोर्तुगीजांची गस्त होती, पण गस्तीवरचे अधिकारीही माणसंच. त्यांनाही चहापाणी लागत होतं.

कारण तोवर पोर्तुगीजांनी काय केलं होतं? रस्ता मोकळा केला नव्हता. नाका हलवला होता. १५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा आला तेव्हा मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं एक जहाज त्यानं धरलं, लुटलं, आणि बायकामुलांसकट शेकडो माणसांना आत कोंडून जाळलं. त्या जहाजाचं नाव मिरी होतं. नावाचा आणि मसाल्याचा संबंध नाही, पण मराठी माणसाला ते वाचताना ठेच लागतेच. त्यानंतर आला कार्ताझ. हिंदी महासागरात जहाज हाकारायचं तर पोर्तुगीजांचा परवाना घ्या. परवान्याची फी किरकोळ, खरी मेख पुढं: जाता-येता आमच्या बंदरात थांबा आणि जकात भरा. नाही घेतला तर जहाज जप्त. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ, असे नाके पडत गेले. एडन मात्र १५१३ मध्ये जमलं नाही, आणि गळती राहिली ती तिथंच. ज्या समुद्रात हजार वर्षं जहाजं वाऱ्याची परवानगी घेऊन जात होती, तिथं मुघल बादशहाच्या हजच्या जहाजालासुद्धा कागद लागायला लागला, आणि कागदावर येशू-मेरीचं चित्र.

मामांच्या बाबतीत हेच झालं. नव्वदच्या दशकात नगरपालिकांनी जकातवसुली ठेक्यानं द्यायला सुरुवात केली. एका ठेक्यात मामांनी भागीदारी घेतली. त्यांना कुणी विचारलं, तुम्हाला यातलं काय कळतं? ते म्हणाले, मला सगळ्या चोरवाटा ठावं हायेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या उसाच्या रानाच्या तोंडाशी खाट टाकून माणूस बसवला. त्यांचेच जुने ड्रायव्हर तिथं अडकले, शिव्या देऊन गेले. मी त्यांना यावरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर ते म्हणाले असते, मग काय रिकामा बसू?

आपल्याकडं हे ओळखणारा माणूस होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल लिहिलं की ते व्यापार करत असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या प्रत्येकामागं एकेक राजा आहे. त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नका, वखार द्यायचीच तर आत द्या. रेवदंड्याला गेलो की मला हे आठवतं. चौलच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी आधी वखार घातली, मग १५२१च्या सुमारास किल्ला. खाडीतून आत जाणारी प्रत्येक होडी तटावरून दिसते. जागा निवडणारा माणूस आमच्या धंद्यातला असावा.

नंतरच्या लोकांबद्दल थोडक्यात. लिस्बनच्या नाक्याला कंटाळून डच आणि इंग्रज निघाले. उत्तरेकडून, रशियाच्या वरून, बर्फातून रस्ता मिळतो का, तेही बघून झालं. १५५३ मध्ये निघालेला विलोबी आणि त्याची माणसं तिकडंच हिवाळ्यात मेली. १५९६ मध्ये बारेंट्स नोव्हाया झेम्ल्यावर हिवाळ्यात अडकला आणि परतताना मेला. शेवटी सगळे केपच्याच वाटेला लागले. ती वाट कागदावर आणली लिन्सखोटेन नावाच्या डच माणसानं, जो पाच वर्षं गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. इंग्रजांना या प्रवासाची खबर देणाऱ्या पहिल्यांपैकी एक तर आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. १५७९ मध्ये गोव्याला उतरलेल्या एका तरुण जेझुइटानं लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना समुद्रप्रवासाचं सविस्तर पत्र लिहिलं, वारे, मासे, रोगराई सगळं. तो फादर स्टीफन्स. हाच पुढं क्रिस्तपुराणात मराठीला फुलांतली मोगरी म्हणणार होता. चार वर्षांनी राल्फ फिच आणि त्याचे सोबती गोव्यात कैद झाले तेव्हा जामिनासाठी यानंच खटपट केली. फिच लंडनला परतला १५९१ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६००ची.

सांगलीची हळद रॉटरडॅमला पोचली, चौदा नाही, सोळा दिवस उशिरा. पार्टीनं भाड्यातला फरक कुणी सोसायचा यावर माझ्याशी तासभर वाद घातला आणि मग बेदाण्याचं खोकं पाठवून दिलं. त्यातलं अर्धं घेऊन मी मामांकडं गेलो. आता ऐंशी ओलांडलीय, डोळ्याला कमी दिसतं, पण रस्त्याच्या गोष्टी ऐकायला उठून बसतात. फोनवरचा नकाशा मोठा करून मी त्यांचं बोट आफ्रिकेच्या कडेनं फिरवत खाली नेलं.

“लई लांब,” ते म्हणाले. “मधी नाका?”

“नाही.”

“ह्या टोकालाबी न्हाई?”

“होते की. डच येऊन बसले होते, १६५२ मध्ये. पण वसुली नाही करायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजीपाला, मटण पुरवायचे. जहाजावरची माणसं मरायची ना वाटेत, म्हणून मळा लावला होता.”

मामांनी एक बेदाणा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

“म्हंजे ढाबा काढला म्हण की,” ते म्हणाले.